‘आधी दारू सोडा, मग बघू’ असं मी म्हणत नाही

ठाणे-कल्याण पट्ट्यात मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत दोन दारांवरून परत पाठवलेली माणसं पुष्कळ असतात. व्यसनमुक्तीच्या ठिकाणी त्यांना सांगितलेलं असतं, ‘तुमचं दुःख कळतं, पण आधी दारू सुटू दे, जुन्या गोष्टी आत्ता उकरायला नकोत.’ मानसोपचाराच्या ठिकाणी सांगितलेलं असतं, ‘पिणाऱ्यावर थेरपी लागू पडत नाही, सोडून या, मग सुरू करू.’ माणूस मधल्यामध्ये लटकतो आणि संध्याकाळी पुन्हा दुकानाकडे वळतो. भीषण प्रसंगातून गेल्यावर मागे उरणारा आजार, ज्याला पीटीएसडी म्हणतात, आणि दारू, ही दोन्ही एकाच माणसात असतील तर उपचार दोन्हींवर एकाच वेळी व्हावेत, शक्यतो एकाच व्यक्तीकडून व्हावेत, असं माझं ठाम मत आहे. ते ज्या कामातून बनलं, त्याबद्दल लिहिते. माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

१. ‘कधीपासून पिता?’ एवढ्यावर थांबू नये.

या प्रश्नाला ठरलेलं उत्तर येतं. कॉलेजपासून, लग्नाआधीपासून, मित्रांच्या नादाने. मी त्यापुढे विचारते, ‘एवढी कधीपासून?’ तिथे माणूस थबकतो, कारण ‘एवढी’ला बहुतेक वेळा तारीख असते.

एक मोटरमन होते. मुंबईची लोकल चालवणारे. बायकोने आणलं होतं, दारूचा पेशंट म्हणून. ‘एवढी कधीपासून?’ म्हटल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘त्या रन ओव्हरनंतर.’ गाडीखाली माणूस येणं, याला त्यांच्याकडे रन ओव्हर म्हणतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. त्यातल्या रूळ ओलांडताना गेलेल्या किंवा स्वतःहून समोर आलेल्या प्रत्येकाच्या पुढ्यात कॅबमध्ये एक माणूस बसलेला असतो. त्याचा आकडा कुठेच छापून येत नाही. या मोटरमनच्या नोकरीत असे प्रसंग आधीही झाले होते. पण या खेपेला समोरच्या माणसाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं होतं.

मग बाकीचं हळूहळू बाहेर आलं. सुट्टीच्या दिवशी घरात बसल्या बसल्या लांबून हॉर्न ऐकू आला की अंगाला घाम. प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला ते उभे राहात नसत. मुलीने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला तर ताडकन उठत. तिच्या नाचाच्या कार्यक्रमात सगळे टाळ्या वाजवत होते आणि यांना आत काहीच वाटत नव्हतं. नको असताना प्रसंग पुन्हा दिसणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, मन मरगळणं किंवा स्वतःला दोष देत राहणं, आणि शरीर सतत सावध असणं, अशी चारही गटांतली लक्षणं महिन्यापेक्षा जास्त टिकली आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर पीटीएसडीचा विचार करावा लागतो. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली हे नाव अधिकृत केलं, त्यामुळे अजूनही अनेकांना हा फक्त फौजींचा आजार वाटतो.

२. दारू त्या माणसाला काय देते, हे त्याच्याकडूनच समजून घ्यावं.

एडवर्ड खांट्झियन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडलं की व्यसनी माणूस बऱ्याचदा स्वतःवर औषधोपचारच करत असतो, चुकीच्या औषधाने. माझा अनुभव याला धरून आहे. मोटरमनना दारूत मजा नव्हती. त्यांना चार तास झोप हवी होती.

यातला फास असा आहे. दारूने झोप पटकन लागते, रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नं दबतात. पहाटेकडे तिचा अंमल उतरला की झोप तुकड्या-तुकड्यांनी मोडते. काही दिवस पिणं थांबवलं तर दबलेली स्वप्नं दुप्पट जोराने येतात. माणसाला वाटतं, दारू सोडली आणि आजार वाढला, म्हणजे दारूच बरी होती. ड्युटीवर साइन ऑन करताना ब्रेथलायझरची तपासणी होते, त्यामुळे हे गृहस्थ ड्युटीच्या आदल्या रात्री पीत नसत आणि नेमकी तीच रात्र जागून काढत. मला म्हणाले, ‘मॅडम, पिऊन कधी गाडी नेली नाही. न झोपता नेली.’ ते ऐकल्यावर आमचं पहिलं काम ठरलं. उपचार सुरू करण्याआधी ते सिकमध्ये, म्हणजे आजारपणाच्या रजेवर गेले. हजारो माणसांच्या जिवाची गाडी हातात असताना यात तडजोड होऊ शकत नाही आणि हे त्यांना माझ्याआधी पटलेलं होतं.

स्वप्नं वाढतील, दोन-तीन आठवडे वाईट जातील, हे मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवते. आधी सांगितलेलं असलं की माणूस त्या रात्री टिकतो.

३. एका रात्रीत सोडायला लावू नये.

रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर सहा ते चोवीस तासांत हातापायाला कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. औषधं, बी-वन जीवनसत्त्व, जरूर पडल्यास दवाखान्यात भरती. बोलण्याचे उपचार त्याच्या जोडीने येतात, त्याऐवजी येत नाहीत.

आणि ‘नकळत दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या व गोळ्या कुणीही कुणाच्या चहा-भाजीत घालू नयेत. अशा गुपचूप दिलेल्या औषधांत अनेकदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, क्वचित मृत्यूही ओढवतो. डॉक्टरने तपासून, माणसाला सांगून, त्याच्या संमतीने दिलं तर ते उपयोगाचं औषध आहे. शिवाय ज्याचा जगावरचा विश्वास एकदा उडालाय त्याला घरच्यांनी जेवणातून फसवलं, हे समजलं तर तो पुढे कुणाकडेच बोलणार नाही.

४. ‘प्रसंगाला हात लावला तर आणखी पितील’ ही भीती अभ्यासाने खोटी ठरवली आहे.

आमच्या क्षेत्रात ही समजूत फार जुनी आहे आणि ती सद्हेतूने आलेली आहे. पण तपासून पाहिल्यावर ती टिकली नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीला पीटीएसडी आणि व्यसन दोन्ही असलेल्या १०३ जणांवर अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो छापून आला. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यांच्या जोडीने दोन्ही आजारांना एकत्र धरणारी बोलण्याची थेरपी. दुसऱ्या गटात पीटीएसडी अधिक उतरला, आणि ज्याची भीती होती ते व्यसन वाढलं नाही. ते दोन्ही गटांत कमी झालं. २०१९ मध्ये सॅन दिएगोतल्या ११९ माजी सैनिकांवरचा अभ्यास आला. तिथे एका गटाने प्रसंगाला थेट भिडणारी थेरपी घेतली, तर दुसऱ्याने प्रसंगाचे तपशील न काढता फक्त सावरण्याची कौशल्यं शिकली. दारू दोघांची कमी झाली. पीटीएसडी मात्र भिडणाऱ्यांचा जास्त कमी झाला.

हे चमत्काराचे निकाल नाहीत. अशा उपचारांतून मधेच सोडून जाणारे खूप असतात आणि बऱ्या झालेल्यांतही काही लक्षणं राहतात. तरीही ‘पिणाऱ्याला ही थेरपी झेपणार नाही’ म्हणून दारातून परत पाठवायला आता आधार उरलेला नाही.

५. ‘मन मोकळं करा’ म्हणजे थेरपी नव्हे.

मित्रांसमोर दोन पेग झाल्यावर हा प्रसंग मोटरमननी अनेकदा सांगितला होता. त्याने काही हललं नव्हतं. थेरपीत सांगणं शुद्धीत असतं, ठरवून असतं, आणि पुन्हा पुन्हा असतं.

एडना फोआ यांनी घडवलेल्या पद्धतीत माणूस डोळे मिटून प्रसंग वर्तमानकाळात सांगतो. ‘आता मी सीटवर आहे, सिग्नल हिरवा आहे, वळण येतंय.’ मी मधून मधून विचारते, शून्य ते शंभरात त्रास किती? सुरुवातीला नव्वदच्या खाली येत नाही. सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून. फोनवर रेकॉर्ड करून ते घरी रोज ऐकायचं, दिवसाउजेडी, न पिता. प्यायलेल्या अवस्थेत ऐकलं तर मेंदू नवं काही शिकत नाही. याच्या जोडीने, टाळलेल्या जागांची यादी करून सोपीपासून सुरुवात करायची. त्यांच्या यादीत पहिलं होतं प्लॅटफॉर्मच्या मधोमध दहा मिनिटं उभं राहणं.

दुसरी पद्धत पॅट्रिशिया रेसिक यांची. तिच्यात प्रसंगानंतर मनात घट्ट बसलेली वाक्यं शोधून तपासायची असतात. यांचं वाक्य होतं, ‘मी त्याला मारलं.’ मी त्यावर सांत्वन केलं नाही. ‘तुमचा काय दोष’ असं त्यांना सगळे म्हणून चुकले होते. मी कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, ‘दादा, मला यातलं काही कळत नाही. गाडी कशी थांबते, समजावून सांगा.’

त्यांनी पेन घेतलं. वळण काढलं, खांब काढला. वेग लिहिला ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. मग माणूस कुठून दिसला तिथे फुली मारली आणि ‘६० मीटर’ लिहिलं. भागाकार स्वतःच केला. तीन सेकंदही नाहीत. ‘ब्रेक मारल्यावर गाडी लगेच थांबते का?’ मी विचारलं. माझ्याकडे त्यांनी जरा दयेनेच पाहिलं. ‘बारा डब्यांची गाडी आहे मॅडम. काहीशे मीटर जाणारच.’ ‘मग त्या तीन सेकंदांत काय करता आलं असतं?’ ‘हॉर्न. आणि ब्रेक.’ ‘दिला होता?’ ‘दोन्ही केलं.’

इथे गोष्ट संपायला हवी होती असं वाचणाऱ्याला वाटेल. संपली नाही. कागदाकडे बघत ते म्हणाले, ‘पण त्याने बघितलं ना माझ्याकडे. त्याला वाटलं असेल, हा थांबवेल.’ खरं वाक्य हे होतं, आणि गणिताने ते निघणारं नव्हतं. त्यावर पुढच्या कित्येक भेटी गेल्या. तो माणूस काय विचार करत होता हे आपल्याला माहीत आहे का? त्याच्या नजरेचा अर्थ तुम्ही ठरवलात, तो दुसरा काही असू शकतो का? एका भेटीत ते म्हणाले, ‘मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही कुणाला. मी त्याच्या शेवटच्या क्षणाला होतो आणि मला नाव माहीत नाही.’ तोवर त्यांच्या बोलण्यात फक्त अपराधीपण होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना त्या माणसाबद्दल दुःख झालं. अपराधीपण माणसाला गुत्त्याकडे ढकलतं. दुःख त्याला दुसऱ्या माणसाकडे नेतं, हे मी एकदा नाही, वारंवार पाहिलं आहे.

६. प्रसंग सांगितल्याच्या दिवशीची संध्याकाळ आधीच बांधून ठेवावी.

भेट सकाळची ठेवावी. संध्याकाळी प्रसंग काढून माणसाला अंधारात एकट्याने घरी पाठवणं धोक्याचं. कुणीतरी न्यायला यावं. सात वाजता काय, आठ वाजता काय, हे लिहून ठेवावं. दारूची तल्लफ उठते, चढते आणि न पिताही उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. एवढा वेळ निभावण्याचं साधन माणसाजवळ हवं. तल्लफ न पिता उतरू देण्याचं हे तंत्र अ‍ॅलन मार्लाट यांनी व्यसनाच्या उपचारात आणलं.

तल्लफेची नोंद आणि आठवणींची नोंद मी एकाच वहीत ठेवायला लावते. दोन-तीन आठवड्यांत माणसालाच दिसतं, की ‘उगाच प्यावंसं वाटलं’ अशा प्रत्येक नोंदीच्या वर दोन ओळींवर काहीतरी आहे. हॉर्न, ओल्या लोखंडाचा वास, बातमी. फौजींच्या वहीत दिवाळीचे फटाके आणि विहिरीचे सुरुंग असतात.

७. माळेचा आणि मीटिंगचा मान ठेवावा, पण त्यांच्यावर नको ते ओझं टाकू नये.

सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त हवालदार. कँटीनमधली कोट्याची रम, आणि काश्मीरमधल्या एका स्फोटाच्या आठवणी. पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि सहा-सात महिने थेंबाला शिवले नाहीत. गावाने कौतुक केलं. मग पुन्हा प्यायले आणि तेच गाव म्हणालं, ‘माळ तोडली.’ ती लाज दारूपेक्षा भारी पडली.

त्या काळात झोप कशी होती, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते ओसरीवर बसून रात्री काढत होते. माळेने त्यांना सोबत दिली, दिंडी दिली, हात जोडायला जागा दिली, आणि हे थोडं नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा हेच देतात. पण स्फोटाचं काम माळेचं नाही. आम्ही ते वेगळं केलं आणि माळ गळ्यात तशीच राहिली.

१९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. दारू हा आजार आहे, चारित्र्याचा डाग नव्हे, हे मराठी घरांपर्यंत पोचायला त्या कामाचा मोठा हात लागला. आघाताबद्दल तेवढी समज अजून पोचायची आहे.

८. आघात हे कारण आहे, मुभा नाही.

नवऱ्याने फार भोगलंय म्हणून बायकोने मार सोसावा, हे मी कुणालाही सांगत नाही. घरात हिंसा असेल तर पहिली व्यवस्था बायको-मुलांच्या सुरक्षिततेची, थेरपी त्यानंतर. पेग मोजणं, खिसे तपासणं, साहेबांना खोटे फोन करणं, या कामांतून बायकोला सोडवावं लागतं. मोटरमनच्या पत्नीला मी एकच काम दिलं होतं, मागून हात न लावता समोरून हाक मारायची. त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

९. बायकाही पितात.

लहानपणी नात्यातल्या माणसाने केलेल्या अत्याचाराबद्दल एका ताईंनी मला दुसऱ्या भेटीत सांगितलं. रात्री सगळे झोपल्यावर ओट्यापाशी उभ्याने वोडका पितात, हे सांगायला त्यांना कितीतरी महिने लागले. बाईच्या पिण्याची लाज एवढी मोठी आहे. पुरुषांच्या गटात त्यांना बसवणं शक्य नव्हतं. वर्षानुवर्षं चाललेल्या अत्याचारात ‘तो एक प्रसंग’ नसतो, म्हणून काम संथ चालतं. आधी भावना उसळल्यावर सावरायला शिकायचं, शरीरात परत यायला शिकायचं, मग आठवणी. पण दारूचा विषय तिथेही पहिल्या दिवसापासून टेबलावर असायला हवा. मी आता प्रत्येक बाईला विचारते, पुरुषांना विचारते त्याच आवाजात.

१०. आत्महत्येबद्दल सरळ शब्दांत विचारावं.

पीटीएसडी आणि दारू एकत्र आली की हा धोका वाढतो. विचारल्याने कल्पना डोक्यात जात नाही. विचारलं की माणसाला हायसं वाटतं. शेतातलं कीटकनाशक, छतावरची दोरी, निवृत्त फौजीची परवान्याची बंदूक, हे घरातून हलवण्याबद्दल त्याच भेटीत बोलावं.

११. पिऊन आला तरी दार बंद करू नये.

त्या दिवशी प्रसंगाचं काम होत नाही. पाणी द्यावं, धोका नाही ना बघावं, कुणाबरोबर तरी घरी पाठवावं आणि उद्याची वेळ द्यावी. दुसऱ्या दिवशी वही उघडून काय घडलं ते दोघांनी शोधावं. एकदा घसरणं आणि पुन्हा पूर्ण बुडणं यांत जे अंतर आहे, तेवढंच आमचं काम आहे. मोटरमन उपचाराच्या मध्यात घसरले, वर्षश्राद्धाच्या सुमारास. मृताचं नाव त्यांनी तोवर शोधून काढलं होतं. तिसऱ्या दिवशी वही घेऊन हजर झाले.

१२. हे काम फक्त शहरातल्या तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही.

गोव्यात संगत या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत काम केलं. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आले. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के सावरले, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. पूर्ण जडलेल्या व्यसनासाठी हा उपाय नव्हता. पण गावातला माणूस हे काम शिकू शकतो आणि नीट करू शकतो, हे त्याने दाखवून दिलं.

जागतिक आरोग्य संघटनेची दारूबद्दलची दहा प्रश्नांची प्रश्नावली आपल्याकडे वापरात आहे. पीटीएसडीच्या प्राथमिक चाचणीत पाचच प्रश्न आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या प्रत्येक समुपदेशकाच्या टेबलावर हे दोन्ही कागद सरळ मराठीत, एकत्र स्टेपल करून ठेवले जावेत, आणि एक भरताना दुसरा भरल्याशिवाय केसपेपर पुढे जाऊ नये, ही माझी मागणी आहे. तोवर कुणाला घरातल्या माणसाबद्दल शंका असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे. फोन लावल्यावर ‘दारूचा त्रास आहे’ एवढंच सांगून थांबू नका. ‘एवढी’ कधीपासून, तेही सांगा.